अनुभव धागा: गडद स्किनी जीन्स, आपल्याकडच्या उन्हात

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मंडळींनो, गडद निळी किंवा काळी स्किनी जीन्स रोज कशी घालता, कशावर घालता, ते मोकळेपणाने लिहा. कंपन्यांची नावं नकोत, अंगावरचं सांगा.

सुरुवात मी करतो. माझ्या मांड्या भरलेल्या, कंबर बारीक. म्हणून मी जीन्स मांडीच्या मापाने घेतो आणि कंबर टेलरकडून आत घेतो. कंबर आत घेता येते, मांडीत कापड वाढवता येत नाही. दुकानात आरशासमोर नुसतं उभं राहू नका, उकिडवं बसा, मांडी घाला. आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणात रोटांच्या जेवणाला जमिनीवर पंगतीत बसायचं असतं, तिथे गुडघा आवळला की जेवणातलं लक्ष उडतं. खालचं घट्ट असेल तर वरचं थोडं सैल हवं, हे माझं ठाम मत. अंगाला चिकटलेला टी-शर्ट त्यावर मला कुणाच्याच अंगावर आवडलेला नाही.

भुसावळकर
मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. जाड डेनिम तेव्हा कपाटातच बरं. पातळ कापडाची घ्या. लेबलवर ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलॅस्टेन (ताण देणारा धागा) असलेली माझ्या अंगाला मानवते, पूर्ण कॉटनची स्किनी गुडघ्यात वाकत नाही. वर पांढरा किंवा फिकट आकाशी लिननचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शर्ट बाहेर सोडायचा तर त्याची कड चेनच्या मध्यापर्यंत यावी. त्याहून लांब गेला की पाय आखूड दिसतात.

केळीवाला, रावेर
केळीचा चीक सुकला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. घड उतरवताना फिकट पँट घातली तर ती कायमची बागेचीच झाली. काळ्या जीन्सवर तो डाग डोळ्यात भरत नाही, म्हणून बागेतून थेट तालुक्याला जायचं असलं की मी तीच घालतो. शर्ट मात्र गाडीत दुसरा ठेवलेला असतो, बारीक चौकड्यांचा. पायात कोल्हापुरी. घोट्याशी कापडाच्या चुण्या पडू देऊ नका भो, चपलेवर त्या फार वाईट दिसतात.

सुईदोरा, धुळे
माझं आल्टरचं काम आहे, म्हणून एवढंच सांगतो. नवी जीन्स आधी एकदा धुवा, मग उंची कमी करायला आणा. कॉटन आटतं, आधी कापली तर नंतर घोट्याच्या वर जाते. आणि ‘मूळ पट्टी ठेवून’ करायला सांगा. खालच्या कडेवरची ती घासलेली, दोरीसारखी पिळाची रेघ नव्या शिलाईत येत नाही. ती गेली की जीन्स साध्या पँटसारखी दिसायला लागते.

अमळनेरची ताई
घरातल्या मुलांच्या जीन्स मी धुते, म्हणून लिहिते. इंडिगो धाग्याच्या आतपर्यंत मुरत नाही, बाहेरूनच बसतो. त्यामुळे घासलं की रंग उतरतो. ब्रश लावूच नका. उलटी करून, गार पाण्यात, पहिले काही वेळा वेगळीच धुवा. काळी जीन्स गच्चीवरच्या उन्हात टाकली की तिचा रंग राखाडी होतो. सावलीत, उलटीच वाळवा. कडक इस्त्रीने ताण देणारा धागा मरतो, मग गुडघ्यावर फुगा येतो. नव्या जीन्सखाली पांढरे बूट घालत असाल तर कड आत दुमडा, निळी रेघ बुटांवर बसते.

@भुसावळकर दादा, लिननच्या पांढऱ्या शर्टाच्या खालच्या कडेलाही हीच निळाई लागते, तो वेगळा भिजवा.

शहादेकर
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात थंडी चांगली असते. काळी स्किनी, तपकिरी बूट, राखाडी स्वेटर आणि वर कमरेखाली येणारं उघडं जाकीट. बूट घोट्याच्या वर जाणारे असतील तर जीन्स बुटात नीट खोचली जाते आणि धुळीने कड मळत नाही. जाकीट आखूड घेऊ नका. घोड्याशेजारी उभं राहून काढलेल्या फोटोत वरचा भाग अर्धवट आणि पाय उगाच लांब दिसतात.