वॉचमेनचा शेवट: तो ऑक्टोपस कशाला? मदत हवी आहे (स्पॉइलर आहेत)

लोकहो, ज्यांनी वॉचमेन हे सुपरहिरोंचं कॉमिक वाचलं नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळा शेवट फोडलाय.

तर मी २००९ चा सिनेमा आधी बघितला होता, आवडलाही होता, आणि आता इतक्या वर्षांनी भाच्याने मूळ कॉमिक हातात कोंबलं, बाराही अंक एकत्र असलेलं जाडजूड पुस्तक. चार रात्री जागून वाचलं. अकरावा अंक संपताना खरंच पोटात गोळा आला. तो कोपऱ्यावरचा पेपरवाला आणि त्याच्या स्टॉलला टेकून फुकटात कॉमिक वाचणारा पोरगा, दोघांचं नाव एकच निघतं, आणि त्या उजेडात दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि मग सगळं पांढरं. बारावा उघडला. तोवर पानाला नऊ चौकटींच्या हिशोबाने चाललेलं पुस्तक, आणि इथे एकदम सलग सहा पानं, पानभर एकेकच चित्र, एक शब्द बोलणं नाही, नुसता मढ्यांचा खच आणि मधे... ऑक्टोपस. एका डोळ्याचा. अमेरिका-रशियाचं युद्ध टाळायला एड्रियन हा माजी सुपरहिरो परग्रहावरचा वाटेल असा राक्षस न्यूयॉर्कवर सोडतो, तोच हा. मला हसू आलं हो. अर्धं न्यूयॉर्क मेलंय आणि मी हसतोय, नंतर स्वतःचीच लाज वाटली.

भाचा म्हणतो, "मामा, म्हणूनच सिनेमाचा शेवट भारी, राक्षस नाहीच, हल्ल्याचा दोष सरळ डॉ. मॅनहॅटनवर." मी म्हटलं अरे पण मॅनहॅटन हा अचाट शक्तीचा सुपरहिरो म्हणजे अमेरिकेचंच हत्यार, रशिया उलट अमेरिकेचीच गचांडी धरेल ना? तर म्हणे सिनेमात एकटं न्यूयॉर्क नाही, जगातली बरीच शहरं उडतात. गप्प बसलो. पण पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगता येत नाहीये, हीच अडचण आहे. तो प्राणी कथेत खरंच असा अचानक आभाळातून पडलाय की माझंच काहीतरी वाचायचं राहिलं? आणि १९८७ साली लोकांना हा शेवट पचला होता का? रविवारी भाचा जेवायला येतोय, कृपया त्याआधी सांगा.

प्रतिसाद १:
राहिलंय तुमचं. आठवा अंक पुन्हा काढा, बेटावरचा भाग. गायब झालेले लेखक, चित्रकार तिथे कामाला लावलेत, सिनेमासाठी काहीतरी करतोय असं समजून. स्टॉलवरचा पोरगा वाचतो त्या चाच्यांच्या कॉमिकचा लेखकही त्यातच. म्हणजे एड्रियन जगाला घाबरवायला कॉमिकवाल्यांनाच पगारावर ठेवतो, राक्षस हास्यास्पद दिसतो कारण तो मुळात गोष्टवाल्यांनी रचलेला राक्षस आहे. सिनेमाने हा धागाच कापला, मग ऑक्टोपस ठेवून उपयोग नव्हता. मला तरी दोन्ही शेवट आपापल्या जागी ठीक वाटतात, पण भाच्याला हे सांगू नका.

प्रतिसाद २:
तेव्हा पचला का म्हणाल तर खुद्द संपादकालाच पचला नव्हता. लेन वाईन यांचं म्हणणं होतं की हे एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या भागासारखं झालंय, त्यावरून ते बाजूला झाले. गंमत म्हणजे शेवटच्या अंकात सॅली या निवृत्त नायिकेच्या घरी टीव्हीवर त्याच मालिकेचं नाव येतं, लेखक अ‍ॅलन मूरने चक्क कबुली दिल्यासारखी. (तेच वाईन २०१२ मध्ये एड्रियनचीच पूर्वकथा लिहितात, आता बोला.) आणि २०१९ च्या टीव्ही मालिकेने सिनेमाचा नाही, कॉमिकचाच शेवट धरलाय, तिथे आभाळातून ऑक्टोपससारखे छोटे स्क्विड पडतात आणि लोक गाडीचा वायपर चालवून पुढे जातात.

प्रतिसाद ३:
ऑक्टोपसवरून भांडता आणि एड्रियनवरचा संशय लिहून ठेवणाऱ्या रॉर्शाक या मुखवटेवाल्या नायकाच्या डायरीबद्दल कोणीच बोलत नाही! खरा शेवट तो आहे. पेपरच्या ऑफिसातला तो वेंधळा पोरगा, शर्टावर बरोबर पहिल्या पानावरच्या बिल्ल्यासारखा केचपचा डाग, आणि हात फायलीकडे चाललेला. डायरी उचलली तर कट फुटून एवढी माणसं फुकट मेली, नाही उचलली तर गप्प न बसल्यामुळे मारला गेलेला रॉर्शाक फुकट मेला.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आठवा अंक काढला. आहे की हो बेट, आणि ती चित्रकार बाई राक्षस काढतेय. मी ते पान झोपेत उलटलं होतं. केचपचा डागही आत्ता बघितला. भाच्याला अजून काही बोललो नाहीये, आधी जेवू दे.