वापरलेली डिझेल क्रेटा घ्यावी का? (सांगली)

विश्रामबागकर:
नमस्कार. २०१७ सालची, १.६ लिटर डिझेल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची क्रेटा पाहण्यात आली आहे. गाडी एमएच १० पासिंगची असून ८२ हजार किलोमीटर चाललेली आहे, आणि ती पहिल्यापासून एकाच मालकाकडे आहे. माझे रोजचे जाणे-येणे सांगली-मिरज एवढेच असते; महिन्यातून एकदा पेठ नाक्यावरून साताऱ्याला जावे लागते. हीच घ्यावी, की थोडे पैसे वाढवून बीएस ६ (२०२० पासूनच्या प्रदूषण निकषांची) डिझेल पाहावी?

कृष्णाकाठ:
इंजिनाचे नंतर पाहू. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कोठे उभी होती, ते आधी विचारा. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फूट गाठले होते, आणि त्या पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. मी स्वतः २०२० मध्ये अशीच एक गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. चार महिने कसलीही तक्रार नव्हती. पावसाळा लागताच आधी काचा अडकू लागल्या, मग एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला, आणि मिस्त्रींनी गालिचा उचलला तेव्हा वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ निघाला.

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याचे रीळ खांबाच्या तळाशी असते, त्यामुळे आत गुंडाळलेला भाग सर्वांत आधी भिजतो आणि तो धुण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. सीटच्या रुळांवरील गंज, स्टेपनीखालचा खड्डा आणि फ्यूज बॉक्समधील हिरवट पडलेल्या पिना हेही पाहावे. कोरी सीट कव्हरे आणि उग्र सुगंध असेल, तर अधिकच सावध राहावे.

अजिंक्यतारा:
माझ्याकडे हेच इंजिन सहा वर्षांपासून आहे. त्यात ठरावीक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, आणि चार माणसे व सामान घेऊन पसरणी घाट चढताना त्याची ओढ कमी पडल्याचे मला कधी जाणवले नाही. घाटात वापरलेल्या गाडीचा क्लच मात्र चढावर नीट तपासून घ्यावा. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साचलेली काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते, आणि सांगली-मिरजच्या रहदारीत ते होणार नाही. स्पष्टच सांगायचे, तर एवढ्या कमी वापरासाठी मुळात डिझेल घेण्याचे कारण मला दिसत नाही.

कागदपत्रांविषयी एवढेच, की आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हाती आल्याशिवाय फॉर्म २९ व ३० वर (मालकी बदलण्याचे अर्ज) व्यवहार पुढे नेऊ नये. विमा कंपनीकडे पूर्वीच्या दाव्यांचीही चौकशी मालकालाच करायला सांगावी.

विश्रामबागकर:
आज गाडी पाहून आलो. चालकाच्या बाजूचा पट्टा स्वच्छ होता. मागच्या डाव्या बाजूचा पूर्ण ओढला, तेव्हा शेवटच्या वीतभर भागावर मातकट डाग दिसले. पाणी केवळ चाकांपर्यंत आले होते, असे मालकांनी तेव्हा प्रथमच सांगितले. हा व्यवहार सोडला आहे. याच आकाराची पेट्रोल गाडी कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.