शिक्षा पाहून मुलं सुधारतात का?

मनस्वी:
चारचौघांत एकाला ओरडलं की बाकीची मुलं आपोआप ताळ्यावर येतात, हा समज आपण सोडायला हवा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ साली ६६ मुलांना एक फिल्म दाखवली. एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवतो. शेवट मात्र तीन: काहींच्या फिल्ममध्ये त्याचं कौतुक होतं, काहींच्या फिल्ममध्ये त्याला दटावून चोप देतात, काहींच्या फिल्ममध्ये काहीच होत नाही. चोप पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो' म्हटल्यावर तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकले सगळेच होते, काहींनी ते फक्त आत ठेवलं होतं.

शंकासूर:
असहमत. तो बाहुला पाडला की परत उभा राहतो, तो मारण्यासाठीच बनवलेला असतो. अनोळखी खोलीत मोठ्यांनी तसं खेळून दाखवल्यावर मुलाला वाटणारच की इथे हेच करायचंय. त्यावरून ते भावंडाला मारेल असं कसं म्हणता? आणि वडिलांचं पिणं लहानपणापासून पाहूनही थेंबाला न शिवलेली माणसं असतात, त्यांचं काय?

मनस्वी:
बाहुलाच मारायला लावत असता, तर सगळ्यांनी सारखंच मारलं असतं. बांडुरा यांच्याच आधीच्या, १९६१ च्या प्रयोगात ७२ मुलं होती. २४ जणांनी मारणारा माणूस पाहिला, २४ जणांनी शांतपणे खेळणारा, उरलेल्यांनी कोणीच नाही. बाहुला तोच. मारणारा पाहिलेल्यांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त मारलं, वर त्याचे शब्दही उचलले. दारूचं म्हणाल तर वडिलांचे हाल पाहून दूर राहणं हेही बघून शिकणंच.

शंकासूर:
प्यायला लागला तरी बघून शिकला, नाही प्यायला तरी बघूनच शिकला. मग तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल असं काय घडायला हवं, ते तरी सांगा. माझा मूळ आक्षेप हाच आहे.

ओंजळ:
मनस्वी यांच्या मुद्द्यात एक भर. परवा माझी लेक बाहुलीला दटावत होती. डोळे मोठे, बोट उगारलेलं, 'कितीदा सांगायचं तुला?' आवाज थेट माझा. ओरडा कशासाठी बसला होता ते तिला आठवतही नसेल, ओरडायचं कसं ते मात्र पक्कं बसलंय. शिक्षा करणारा माणूसही मुलं बघतच असतात, हे आपण धरतच नाही.

काठावरचा:
बांडुरा यांचंच १९६९ चं काम बघा. सापाला घाबरणाऱ्या काहींना साप हाताळणाऱ्यांची फिल्म दाखवली, त्यांची भीती काही प्रमाणात कमी झाली. पण ज्यांनी समोर माणूस पाहिला आणि त्याच्या सोबतीने हळूहळू स्वतः सापाला हात लावला, ते सगळ्यांत पुढे गेले. नुसतं बघणं पुरत नाही.

शंकासूर:
हेच तर म्हणतोय. बदल झाला तो हात लावल्यावर. ओंजळ, तुमची मुलगी उद्या माणसांवर तशी ओरडेल की नाही, हे तिला त्याचा सराव मिळतो का यावर ठरेल.

ओंजळ:
सराव तर ती बाहुलीवर रोज करतेय. म्हणून मी आधी माझा आवाज खाली आणतेय.