मदत हवी आहे: कुत्रीच्या थानात गाठी, ऑपरेशन पावसाआधी की गणपतीनंतर? (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

आम्ही पावसजवळच्या एका वाडीत राहतो. घरची कुत्री चांदणी, गावठी, वय नऊ वर्षं. दोनदा व्यालेली आहे, नसबंदी झालेली नाही. शिमग्याच्या सुमारास तिला आंघोळ घालताना उजवीकडच्या शेवटच्या थानाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागली. आता ती तीन सेंटिमीटरच्या जवळ पोचली आहे. डावीकडे चौथ्या थानापाशी दुसरी आहे, जेमतेम एक सेंटिमीटरची. दोन्ही बोटाने सरकवल्या तर सरकतात, वरची कातडी शाबूत आहे, लाली किंवा चिघळ नाही. दर रविवारी शिवणाच्या टेपने मोजून वहीत लिहिते. मोजायला बसले की पडवीतल्या गार लादीवर आपणहून उताणी होते, पुढचा पाय वर धरते आणि टेप थानाला लागला की माझं मनगट चाटत राहते. दुखत असावं असं वाटत नाही. जेवण नेहमीचं, रात्रीची आंब्याच्या कलमांतली राखण नेहमीची.

आमच्या शासकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "वहिनी, माझा रोजचा हात गाई-म्हशींवरचा. गाठ काढून देईन, पण या वयात हिला गॅसची भूल आणि मॉनिटर असेल तिथे नेलंत तर बरं. आणि आधी छातीचा एक्सरे काढा." शहरातल्या एका खाजगी क्लिनिकात मात्र गाठीला हातही न लावता "म्हातारी झाली, दुखत नाही तोवर डिवचू नका" म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. कोर्स पूर्ण केला, गाठ होती तेवढीच राहिली आणि पुढे वाढली.

घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, मृग तोंडावर आलाय, लावणीची कामं, त्यात आंबा घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, गणपती झाले की निवांत बघू. भाऊजींचा प्रश्न खर्चाचा आहे. यंदा आंबा कमी आला, हे मलाही दिसतंय, त्यामुळे त्यांच्यावर राग नाही. पण बिबट्या गोठ्यापर्यंत आला होता त्या रात्री घर जागं केलं ते हिने. जे करता येण्यासारखं आहे ते वेळेत करावं असं मला मनापासून वाटतं. करण्यासारखं काही नसेल तर तिला उगाच टेबलावर झोपवायचं नाही, हेही तितकंच पक्कं आहे.

म्हणून विचारते. गणपतीपर्यंत थांबलं तर खरंच काही बिघडतं का? आधी सुईने पाणी काढून तपासावं की थेट गाठ काढून तपासायला द्यावी? नुसती गाठ काढतात की थानांची सगळी ओळ? नसबंदी त्याच वेळी करतात का? कोल्हापूर बरं की मुंबई? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे पावसाळ्यात टाके कसे सांभाळायचे. मागच्या वर्षी शेजारच्या कुत्र्याच्या साध्या जखमेत किडे पडले होते, ते विसरता येत नाही. केमोथेरपी सांगितली तर घरात लहान मुलं असताना ती झेपते का?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, निवृत्त पशुवैद्य:

ताई, माहिती नीट दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: थांबू नका. कुत्रीच्या थानातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या निघतात, निम्म्या कॅन्सरच्या. हातावरून कोणाला ओळखता येत नाही. पण आकाराला फार महत्त्व आहे. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ पहिल्या टप्प्यात धरतात, तीन ते पाच दुसऱ्या, पाचच्या पुढे तिसऱ्या, आणि त्या क्रमाने बरं होण्याची शक्यता घटत जाते. तुमची गाठ त्या पहिल्या रेषेवर उभी आहे. गणपतीपर्यंत ती कुठे असेल सांगता येत नाही.

छातीचा एक्सरे आधीच काढायचा, कारण हा आजार पसरला तर बहुतेकदा लसिकाग्रंथींत आणि फुफ्फुसांत जातो. एक फोटो पुरत नाही. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं असे तीन मागा. कुशीवर झोपवल्यावर खालचं फुफ्फुस दबतं आणि त्यातली लहान गाठ लपते. तीनही फोटो स्वच्छ आले तरी अर्ध्या सेंटिमीटरच्या आतलं काही सहसा दिसत नाही, एवढं ध्यानात असू द्या. फुफ्फुसात गाठी दिसल्या तर मात्र मीही ऑपरेशनचा आग्रह धरणार नाही.

सुईच्या तपासणीवर थानाच्या गाठीत साधी की वाईट याचा भरवसा धरता येत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. कातडीतला मास्ट सेलसारखा दुसरा कॅन्सर तर नाही ना, हे त्यातून कळतं. खरा निकाल काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा. दोन्ही गाठी वेगवेगळ्या बाटल्यांत द्यायला सांगा, कारण एक साधी आणि दुसरी वाईट असं सर्रास होतं. गाठीच्या दहापट दहा टक्के फॉर्मलिन लागतं. इवल्याशा बाटलीत कोंबलेली गाठ आतून सडते आणि रिपोर्ट वाया जातो.

किती काढायचं ते सर्जन हात लावून ठरवतील. कुत्रीला सहसा थानांच्या पाच जोड्या असतात. शेवटचं थान काढताना जांघेतली लसिकाग्रंथी त्याच्याबरोबर येते, ती तपासायला देणं फायद्याचं. दोन्ही बाजूंच्या अख्ख्या ओळी एकाच दिवशी सहसा काढत नाहीत, कातडी जुळत नाही. गरज पडली तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी बाजू. नसबंदी त्याच भुलेत होते आणि करून घ्यावी. पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका संपतो. ती आधी करतात, मग थानाकडे वळतात, म्हणजे गाठीच्या पेशी पोटात जात नाहीत.

एक गोष्ट ठळक लिहितो. थानं अचानक लाल, गरम, कडक झाली, सूज मांडीपर्यंत उतरली आणि हात लावू देईना, तर तो थानाच्या कॅन्सरचा दाहाचा प्रकार असू शकतो. त्यात कापाकापी करत नाहीत. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

प्रतिसाद, आंबेशेत:

आमच्या कुत्रीचं अगदी हेच ऑपरेशन कोल्हापूरला झालं. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण एकशे तीस किलोमीटर आणि मुंबई त्याच्या अडीचपट, म्हणून आम्ही घाट निवडला. रक्त आधी इथेच तपासून घ्या, हे सांगायलाच लिहितोय. आमचीचे प्लेटलेट्स इतके खाली होते की सर्जननी तारीख पुढे ढकलली. गोचिडतापाचं निदान झालं, डॉक्सीसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स झाला, मग ऑपरेशन. आपल्याकडे कलमांतून हिंडणाऱ्या कुत्र्यांना गोचीड चुकत नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्रीच्या रक्तातही हे निघतं, आणि प्लेटलेट्स कमी असताना कापलं तर रक्त थांबत नाही. आज नमुना दिलात तर घाट चढायच्या आत कळेल.

फोनवर खर्च विचारताना एक आकडा घेऊ नका. भूल, ऑपरेशन, नसबंदी, बायोप्सी, नंतरची इंजेक्शनं वेगवेगळी विचारा. बायोप्सी धरलेली नसते आणि मग पैसे वाचवायला लोक तीच गाळतात.

प्रतिसाद, सुरंगी:

मुंबईचा पर्याय डोक्यात असेल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकाच आवारात आहेत. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. घाटावर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही आधी फोन करून शल्यचिकित्सेचा वार विचारा, नुसतं जाऊन उभं राहू नका.

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. ताजे टाके असलेल्या कुत्रीला त्या पेटीत घालू नका. खाजगी गाडीच बरी.

टाक्यांबद्दल. पहिले पंधरा दिवस तिला माजघरात ठेवा. पडवीत नको, आणि रात्री साखळीला बांधून तर अजिबात नको, बिबट्याचा फेरा तुम्हाला माहीत आहे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा असला तरी पोटावर जुना सुती टीशर्ट चढवा, पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि शेपटीकडे गाठ मारायची. दोन टीशर्ट ठेवा, कारण पावसात वाळत नाहीत, आणि दमट कापड टाक्यांवर राहता कामा नये. आम्ही चुलीच्या वर दोरी बांधली होती. जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. माशी बसली तर पांढरी अंडी आधी केसांच्या मुळाशी दिसतात, त्याच वेळी डॉक्टर गाठले तर पुढचं टळतं. घरगुती म्हणून फिनेल, रॉकेल, चुना काही लावू नका. कातडीखाली पाणी साठून मऊ फुगवटा येऊ शकतो, तो बहुधा जिरतो, पण दाखवा. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

प्रतिसाद, दापोलीकर:

केमोला घाबरू नका एवढंच सांगतो. आमच्या आळीतल्या भटक्या कुत्र्याला लिंगाशी कोबीच्या गड्ड्यासारखी रक्ताळलेली गाठ झाली होती. हा संगातून पसरणारा कॅन्सर, भटक्या कुत्र्यांत पुष्कळ. त्याला कापावंसुद्धा लागलं नाही. आठवड्याला एक विनक्रिस्टिनचं इंजेक्शन, सहसा चार ते सहा डोस लागतात, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. आमचा झाला. दर डोसआधी रक्त तपासायचं, आणि औषध शिरेबाहेर गेलं तर मांस सडतं म्हणून सराईत हातच हवा.

प्रतिसाद, निवृत्त पशुवैद्य:

दापोलीकरांचा आजार वेगळा, पण मुद्दा बरोबर. जनावरांना केमो देताना उरलेले दिवस चांगले जावेत हा हेतू असतो, त्यामुळे डोस माणसांच्या मानाने सौम्य असतो. केस गळणं बहुतेक जातींत क्वचितच. डोसनंतर काही दिवस तिचं मलमूत्र हातमोजे घालून काढायचं, मुलांना आणि गरोदर बाईला त्यापासून लांब ठेवायचं. थानाच्या कॅन्सरमध्ये मात्र मुख्य उपचार सुरीचाच. केमोचा प्रश्न बायोप्सी आल्यावर.

दुखतंय म्हणून घरातली गोळी कोणीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक, त्याने गिधाडं मरत म्हणून, २००६ सालीच बंद झालं, त्याच्या जागी आलेलं मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना चालतं, तेही डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं.

मांजरवाल्यांसाठी दोन वाक्यं, धागा वाचत असतील म्हणून. मांजरीच्या थानातल्या गाठी दहातल्या आठ-नऊ वाईट निघतात, तिथे एक दिवसही काढू नका. आणि पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकावर खपली धरून बरं न होणारी जखम दिसली तर ती भांडणातली समजून मलम चोपडत बसू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाने तिथे कातडीचा कॅन्सर होतो. लवकर कानाची पाळी काढली तर बहुतेक मांजरं त्यातून सुटतात.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन सेंटिमीटरचं गणित सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग नाचणीचं राब मी बघते, तुम्ही जाऊन या. भाऊजींनी गाडी द्यायचं कबूल केलंय. रक्ताचा नमुना शासकीय डॉक्टरांनी आज सकाळी घेतला, रिपोर्ट आला की कोल्हापूरची तारीख घेते.

एक विचारायचं राहिलं. हिची लेक आमच्याकडेच आहे, आठ महिन्यांची, अजून माजावर आलेली नाही. तिची नसबंदी आताच केली तर पुढे हे टळेल का?

प्रतिसाद, निवृत्त पशुवैद्य:

बऱ्याच अंशी. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत हा धोका पहिल्या माजाआधी केली तर अर्धा टक्का, पहिल्यानंतर आठ आणि दुसऱ्यानंतर सव्वीस टक्के असा निघाला होता. आकड्यांवर पुढे वाद झाले, पण दिशा तीच राहिली. गावठी मध्यम बांध्याची असेल तर आता करून घ्या. दोघींना एका दिवशी नेऊ नका, घरी सांभाळायला हात पुरणार नाहीत.

धागाकर्ती:

बरं डॉक्टर, आधी चांदणी, मग लेक. ऑपरेशननंतर सात-आठ दिवस कोल्हापुरात राहावं लागलं तर कुत्र्यासकट खोली देणारं कोणी ओळखीचं आहे का? आणि मध्यम आकाराचा भोंगा रत्नागिरीत कुठल्या दुकानात मिळतो? चांदणीचं वजन सोळा किलो आहे.