बंदूक न दाखवता भावंडांची लघुफिल्म, तीही मे महिन्यात नागपुरात

प्रश्न
२० मिनिटांची लघुफिल्म आहे. गडचिरोलीतल्या भामरागडकडची दोन भावंडं, बहीण १९ वर्षांची, भाऊ १० चा. गावातल्या हिंसाचारात वडील गेले, आता दोघं नागपुरात भाड्याच्या खोलीत राहतात. फ्लॅशबॅक नको, बंदूक नको. वरातीतला फटाका वाजतो आणि भाऊ दचकतो, हा मुख्य प्रसंग. खोली १० बाय १२, चार दिवस शूट. कूलर चालू ठेवला तर संवाद जातात, बंद केला तर सगळे घामाघूम. काय करावं?

उत्तर १
संवादाच्या टेकला कूलर बंदच. त्याची घरघर बोलण्यातच मिसळते. नंतर काढायला गेलात की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. टेक तीनेक मिनिटांचे ठेवा, मधल्या वेळात कूलर लावा. पॅकअपआधी सगळ्यांना गप्प बसवून ६० सेकंद रूम टोन, म्हणजे खोलीच्या शांततेचा नुसता आवाज घ्या. मग कूलरचा आवाज वेगळा घ्या, सुरू होताना आणि थांबतानाचाही.

कारण हा कूलरच तुमच्या कामाचा आहे. अर्धी फिल्म तो मागे चालू राहू द्या. मग लाईट जाते, कूलरचा पंखा हळूहळू थांबतो, आणि त्या शांततेत बहीण आधी दाराची कडी चाचपते, मेणबत्ती नंतर शोधते. वेगळी बंदूक लागणारच नाही. फक्त संकलनात आवाज एकदम तोडू नका, पंखा पूर्ण थांबू द्या.

कॉलर माईकची टेप घामाने सुटते. माईक अंगाला न चिकटवता कपड्याच्या आतून लावा.

उत्तर २
मुलाजवळ खरा फटाका अजिबात फोडू नका. एक टेक मिळेल, पुढच्या प्रत्येक टेकला तो आधीच खांदे आवळून बसेल. आणि लेकराला असं घाबरवणं चूकच आहे. टाळीचा इशारा द्या, फटाक्याचा आवाज नंतर संकलनात टाका, दचकण्याच्या ५-६ फ्रेम (सेकंदाचा साधारण पाचवा भाग) आधी. दोन्ही एकाच फ्रेमवर आले की खोटं वाटतं.

दचकण्यापेक्षा त्याला कृती द्या. घास हातातच थांबतो. तो ताट उचलतो, खिडकीपासून लांब भिंतीला टेकून बसतो आणि पुन्हा जेवू लागतो. बहीण काही विचारत नाही, तिथे जाऊन वरण वाढते. म्हणजे हे रोजचंच आहे.

भाऊ माडियात, म्हणजे तिकडच्या आदिवासी बोलीत विचारतो, बहीण मराठीत उत्तर देते, असं करून बघा. दोघांमधलं अंतर तेवढ्यात कळतं. मात्र कलाकार माडिया येणारेच हवेत.

उत्तर ३
कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलंत तर ट्यूबलाईटखाली पट्टे सरकतात.

परवानगीचं आजच बघा. मूल १४ च्या आतलं आहे, म्हणून बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांवर नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. म्हणून भावाचे शॉट सकाळी ७ ते १२ मध्ये उरका, बहिणीचे एकटीचे संध्याकाळी घ्या. दुपारी त्या खोलीत कुणालाच उभं करू नका.