मदत हवी आहे: एकच फ्लॅट, दोन एजंट, दलाली कोणाला?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधला आमचा जुना टू बीएचके विकायला काढलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सांगितलं दोनच एजंटांना, पण त्यांनी आपापल्या ग्रुपवर टाकलं आणि आता तोच फ्लॅट तीन वेगवेगळ्या किमतींना फिरतोय. एका जाहिरातीतला हॉल तर आमचा नाहीच! (तेवढा सोफा आमच्याकडे मावणारच नाही.)

खरी अडचण पुढेच. एका जोडप्याला पहिल्या एजंटने घर दाखवलं. महिन्याभराने तेच जोडपं दुसऱ्याबरोबर आलं, कारण तो एक टक्क्यात तयार झाला. आता व्यवहार ठरत आलाय तर पहिला म्हणतो, "पार्टी माझी, माझे दोन टक्के द्या." लेखी करार नाही. व्हॉट्सॲपवर त्याच्या "दोन टक्के"ला मी नुसतं "चालेल" लिहून बसलोय.

पहिल्या एजंटकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागितला तर म्हणे रीसेलला लागत नाही. रेरा कायद्याच्या कलम ९ मध्ये नोंदणीकृत प्रकल्पांचाच उल्लेख आहे खरा. मग अशी भांडणं सोडवायची कुठे?

कोणी यातून गेलंय का? दोघांत वाटून द्यावी का? टोकन घेण्याआधी कोणाकडून काय लिहून घेऊ? रविवारी बैठक आहे.