मदत हवी आहे: पीसी चालू होतो पण स्क्रीन काळीच राहते

मंडळी, घरचा डेस्कटॉप नीट चालू होत नाहीये. बटण दाबलं की फॅन फिरतो, लाइट लागतो, पण स्क्रीन काळीच, बीपसुद्धा नाही. मधेच कधीतरी सुरू व्हायचा तेव्हा तारीख पार जुनी दाखवायचा म्हणून मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलला, तारीख आता बरोबर राहते पण मूळ दुखणं तसंच. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसून परत बसवल्या, स्लॉटही बदलून पाहिला, फरक शून्य. आता संशय एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवर) आहे, मशीन थंड असलं की जास्त त्रास देतं. दुसरा एसएमपीएस न लावता हे खात्रीने कसं तपासायचं? हार्ड डिस्कमध्ये आईचे सगळे फोटो आहेत, ती आधी काढून दुसऱ्या पीसीला लावून कॉपी करून घेऊ का? प्लीज सांगा, खूप टेन्शन आलंय.